मिशी दिसणारं नाणं

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी मी फोन बंद ठेवतो. आभाळ कोसळलं तरी चालेल, पण फोन बंद. आदल्या दिवशी सातारा, कराड, विटा, सांगली, जिकडंतिकडं लोकांनी डब्यातली जुनी नाणी बाहेर काढलेली असतात. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट, हाताला लागेल त्यानं ती घासून लखलखीत केलेली असतात. पूजा झाली की घरातला एखादा मोबाइलवाला फोटो काढतो आणि मला पाठवून विचारतो, "अण्णा, आमचं नाणं आरशागत चमकतंय. प्रूफ असंल का?"

आता याला काय सांगायचं, कपाळ! बाबा रे, तुझ्या आईनं आत्ताच तासभर घासलंय ते. चमकणार नाही तर काय करील?

हा प्रश्न ऐकून ऐकून माझे केस गेले. आणि ज्या घासण्यावर मी आयुष्यभर चिडलो, त्याच घासण्यानं एकदा मला असं चक्रावून सोडलं, की अजून मी त्यातून धड बाहेर आलेलो नाही. "धंद्यातलं काहीतरी लिहून द्या" म्हणून दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. बाकीचं काय, सगळ्यांच्या धंद्यात असतं तसंच.

आमचं घर विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळणं. आमच्याकडची माणसं भट्टी आणि भाता घेऊन देशभर गेली, तसा मीही तरुणपणी चुलत्याच्या दुकानात केरळात भट्टीपुढं बसलो. मोडीत आलेली नाणी मुशीत टाकायची हे माझं काम. टाकण्याआधी मी एकेका नाण्याचं तोंड बघत बसायचो आणि चुलता ओरडायचा, "अरं, त्यो काय तुझा सासरा लागतो का? टाक आत!" शेवटी मी भट्टी सोडली आणि सांगलीला येऊन नाण्यांचं छोटं दुकान टाकलं. आता त्या दुकानात मुलानं मोबाइलची कव्हरं लावलीत. कोपऱ्यात माझं टेबल, भिंग आणि दिवा तेवढा ठेवलाय. कव्हरं बघायला आलेली पोरं मला घड्याळं दुरुस्त करणारा समजतात.

तर प्रूफ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे फोन तरी कमी येतील.

साधं नाणं टाकसाळीत कसं पडतं? धातूची चकती यंत्रात सरकते, वरून साचा येतो, एक दणका, की नाणं खाली, ढिगात. ढिगात एकमेकांवर आपटून त्याला जन्मल्याबरोबर ओरखडे पडतात. प्रूफ नाण्याचं तसं नाही. साचा आरशासारखा घासून घेतात, चकतीही घासून घेतात, दणका जोरात आणि सावकाश, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त. मग हातानं अलगद उचलून पेटीत. घरात नैवेद्याचे मोदक वेगळे करतात ना, साच्याला तूप लावून, कळ्या नीट उमटवून, आणि पोराबाळांचे भराभर, तसंच ते. म्हणजे प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, करण्याची रीत आहे. साधं नाणं कितीही जपलंत तरी त्याचं प्रूफ होत नाही, आणि प्रूफ रस्त्यावर घासत नेलंत तरी ते साधं होत नाही. फक्त मग ते ओळखता येत नाही. इथंच तर माझी पोटापाण्याची सोय झाली.

ओळखायचं कसं? एक तर कड बघायची. प्रूफची कड आतल्या बाजूनं काटकोनात, नव्या विटेसारखी. साध्याची जरा गोलसर. दुसरं, बारीक रेघा. साचा घासताना साच्यावर रेघा पडतात, त्या नाण्यावर उलट्या उतरतात, म्हणजे उंच. नाणं घासलं तर त्यावरच्या रेघा खोल. शेतकऱ्यांना मी सांगतो, बांध दिसला तर टाकसाळीचा आणि चर दिसला तर तुमच्या घरातला. आणि तिसरं, आरसा. भिंगाखाली तिरप्या उजेडात धरलं की खरा आरसा काळा दिसतो. काळाकुट्ट, विहिरीच्या पाण्यासारखा, कारण तो उजेड दुसरीकडंच फेकतो. घासलेली चमक मात्र पांढुरकी, धुरकट दिसते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच.

इस्लामपूरचे एक गृहस्थ होते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. राणीछाप रुपया हुपरीला चांदीवाल्यांकडं नेऊन चाकावर पॉलिश करून आणला होता. राणीचं नाक पार बसलेलं. मी म्हटलं, "साहेब, घासलंय हे." ते म्हणाले, "घासलं म्हणूनच चमकतंय की! तुमचे टाकसाळवालेसुद्धा घासतातच ना?" मी म्हटलं, "ते आधी घासतात." ते म्हणाले, "मी नंतर घासलं. फरक काय पडला?" मला खरोखर उत्तर सुचेना. संध्याकाळी जेवताना सुचलं, पण तोवर ते एसटीत बसून इस्लामपूरला पोचलेही असतील.

आमच्या घरात तरी काय वेगळं? ताडून बघायला म्हणून मी टेबलाच्या ड्रॉवरात काही साधी नाणी ठेवतो. एका दिवाळीला सुमननं, म्हणजे आमच्या हिनं, ती सगळी लक्ष्मीपूजनाला नेली आणि चिंचेत बुडवून काढली. मी डोकं धरून बसलो, तर म्हणते, "काळीमिट्ट नाणी काय लक्ष्मीपुढं मांडायची? मीच आहे म्हणून तुमची अब्रू राहिली." पाचसहा वर्षं झाली असतील, अजून त्या दिवशीचं पुरण माझ्या घशात अडकलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट.

चारपाच वर्षांपूर्वी, गणपती उठले त्याच आठवड्यात, एक उंचेपुरे गृहस्थ दुकानात आले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. फौजेतला माणूस चालण्यावरूनच कळतो. कुंडलच्या अलीकडचं गाव, नाव हणमंतराव, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मागं त्यांची आई. ऐंशीच्या पुढची, ठेंगणी, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिचं नाव ताराबाई, पण मी पहिल्यापासून ताराक्काच म्हणत आलो.

सुभेदारांनी खुर्चीत बसायच्या आधीच रिपोर्ट दिला. "अण्णा, फॅमिलीची इज्जत तुमच्या टेबलावर ठेवतोय. आमचे आजोबा, आईचे वडील, इंग्रजाच्या फौजेत हुते. नव्या राजाच्या राज्याभिषेकाला हितनं तुकडी गेलती लंडनला, त्यात एका साहेबाचे ऑर्डर्ली म्हणून गेलते. तितनं येताना साहेबानं तांबड्या पेटीतनं एक नाणं काढून दिलं. म्हणाला, खर्चायचं न्हाई, बघायचं हाय. आजी सांगायची, नाण्यात तोंड दिसायचं. त्यात बघून मिशीला पीळ द्यायचे म्हणं."

"आणि गाव काय म्हनायचं, ते बी सांग," म्हातारी मधेच म्हणाली.

मग स्वतःच बोलली. "गाव म्हनायचं, ह्यो बेळगावला साहेबाच्या मुदपाकात भांडी घासत हुता. समिंदर काय, किस्नेचा पूर सोडला तर ह्येनं पानी बगितलं न्हाई. नानं बेळगावच्या बाजारात घेतलंय. मिशीवालं नानं म्हनून हसायचे लोकं."

मग तिनं पदराची गाठ सोडली. सदतीस सालचं पाच शिलिंगांचं नाणं, ज्याला क्राऊन म्हणतात. तळहाताच्या खळग्यात मावणार नाही एवढं मोठं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला ढालीजवळ सिंह आणि शिंगवाला घोडा. आणि राजाच्या कपाळावर कुंकू.

मी दचकलोच. "हे काय?"

"टाक हाय त्यो," म्हातारी म्हणाली. "माझ्या तात्याचा."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देव. खंडोबा, भवानी, असे. आपल्याकडं घरातलं गेलेलं माणूसही काही जण टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. ताराक्काचे वडील गेले, तेव्हा भाऊबंद म्हणाले हे नाणं गाळून टाक करू. तिच्या आईनं गाळू दिलं नाही. नाणंच देव्हाऱ्यात ठेवलं. भाऊ नव्हता, म्हणून आई गेल्यावर ताराक्कानं ते सासरी आणलं आणि नवऱ्यानं, भला माणूस, आपल्या देवांच्या ओळीत त्याला जागा दिली. तेव्हापासून इंग्लंडचा राजा कुंडलजवळच्या एका देव्हाऱ्यात खंडोबाच्या मांडीला मांडी लावून बसलेला आहे. रोज हळदकुंकू, सणाला दह्यादुधाची अंघोळ. आणि दर वर्षी घटस्थापनेच्या आधी बाकीच्या टाकांबरोबर सोनाराकडं उजळायला.

"उजळायला!" मी ओरडलोच. "कशानं उजळतो तो?"

"रिठ्याच्या पान्यात घालतो, मग पितळी बुरुस," ताराक्का शांतपणे म्हणाली. "लय झ्याक काढतो."

सुभेदार म्हणाले, "आणखी एक पॉइंट हाय. त्यो सोनार म्हणाला, चांदी हलकी हाय. म्हणून गाव म्हणतं, नाणंच खोटं."

हे मात्र मला सोपं होतं. भट्टीपुढं बसलेला माणूस आहे मी. त्या काळातल्या इंग्लंडच्या नाण्यांत चांदी अर्धीच असायची. "चांदी हलकी आहे म्हणूनच नाणं खरं आहे," मी सांगितलं. सुभेदारांनी आईकडं जिंकल्यासारखं बघितलं. म्हातारीचं तोंड पडलं.

मला कळेना. नाणं खरं निघालं तर म्हातारीचं तोंड का पडावं?

"पण खरं म्हणजे पेटीतलं, असं नाही," मी घाईनं म्हटलं. "साधीही पुष्कळ निघाली होती. पेटीतलं असेल तर प्रूफ असणार. ते बघावं लागेल."

"बगा," म्हातारी पुढं सरकली. "नीट बगा. साधं असंल तर साधंच सांगा. भिडंला पडू नगासा कुनाच्या."

"आये, तू गप बस," सुभेदार म्हणाले.

"तू गप बस. माझा बाप हाय."

मी भिंग लावलं. तीस वर्षांत माझ्यापुढं बसलेल्या प्रत्येक माणसाला एकच उत्तर हवं असायचं, आणि ते नाही मिळालं की माझ्याशी भांडण. इथं दोन माणसं समोर बसलेली, मुलाला प्रूफ हवं, आईला साधं. कुणीकडं बोललो तरी एकाची शिवी खायची.

नाण्यावर तर नुसता गोंधळ होता. चमक भरपूर, पण पांढुरकी, धुरकट, बुरुसाची. रेघा सगळ्या खोल, चरच चर, अक्षरांवरूनही गेलेल्या. राजाच्या गालावरचं आणि केसांवरचं बारीक काम निम्मं बुजलेलं. अक्षरांच्या कडा गोल. पोटातल्या जागा, म्हणजे ओ किंवा डी अशा बंद अक्षरांच्या आतल्या, जिथं बुरूस पोचत नाही, त्या बघायच्या असतात. पण तिथं कुंकू, हळद, तेल आणि दही यांचा दगड झालेला. तो मी काढला नाही. गिऱ्हाइकाच्या नाण्याला नख लावायचं नाही हा माझा नियम, आणि इथं तर ते नाणं नव्हतं, देव होता.

शेवटी म्हटलं, "मला साधंच वाटतंय. घासून चमकलेलं."

सुभेदारांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या आजोबांची फीत काढून घेतली. ताराक्कानं मात्र लांब श्वास सोडला. "बरं झालं बाई," असं म्हणाली. पाणी मागून प्यायली. नाणं पदरात बांधलं, मला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि मुलाआधी दुकानाबाहेर गेली.

मी बसून राहिलो. बाप खोटा ठरला म्हणून "बरं झालं" म्हणणारी लेक मी पहिल्यांदा बघत होतो.

घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "बापानं छळलं असेल. दारुडा असेल." मी म्हटलं, छळणाऱ्या बापाला कुणी रोज हळदकुंकू वाहतं का? ती म्हणाली, "तुम्हाला बायका कधी कळल्या?" विषय संपला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

दोनतीन दिवसांनी सुभेदारांनी हार न मानता नाण्याचे पुष्कळ फोटो पाठवले. वरून, खालून, उभं धरून. "सेकंड ओपिनियन तुमचंच पायजे," असं खाली लिहिलेलं. मी वैतागून ड्रॉवर उघडला, ताडून बघायला ठेवलेला माझा साधा क्राऊन काढला, आणि पाहतो तर काय, तोही लखलखीत! विसरलोच होतो, सुमनच्या चिंचेतून निघालेला. घ्या! घासलेलं नाणं घासलेल्या नाण्याशी ताडत बसायची वेळ माझ्यावर आली. दुकानामागंच आमचं घर. मी जोरात हाक मारली, "सुमन, ये बघ तुझी करणी!" ती तिकडून म्हणाली, "चमकतंय ना? मग?"

पण बसून बघता बघता माझीच गंमत झाली. माझं नाणं साधं होतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि तेही घासलेलं. म्हणजे साधं नाणं घासल्यावर कसं दिसतं, ते माझ्या हातात होतं. आणि ताराक्काचं तसं दिसत नव्हतं. उभ्या फोटोत कडेचा एक तुकडा होता, बाकीच्या टाकांशी चिकटून राहिल्यामुळं असेल, तिथं बुरूस कमी पोचला होता. तिथली आतली कड काटकोनात होती. माझ्या नाण्याची गोल. सिंहाच्या आयाळीत, झिजूनही, माझ्या न झिजलेल्या नाण्यापेक्षा जास्त केस होते.

मग मला वाटलं, प्रूफच. मग वाटलं, फोटोचा उजेड फसवतोय. मग आठवलं, नव्या साच्यातून पडलेली पहिली काही साधी नाणीही जरा आरशासारखी आणि जरा तीक्ष्ण उतरतात. म्हणजे साधंच. मग कड आठवली. म्हणजे प्रूफ. दोन दिवस मी असा झोपाळ्यावर बसल्यासारखा इकडून तिकडं. सुमननं आमटीत मीठ घातलं नव्हतं तरी मला कळलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती.

त्यातच लक्षात आलं, घटस्थापना तोंडावर आलीय. म्हणजे देव पुन्हा सोनाराकडं जाणार. पुन्हा बुरूस! मी सकाळची एसटी धरली.

म्हाळाचे, पितृपक्षाचे दिवस चालू होते. गावात घरोघर तळण्याचा वास. सुभेदारांनी मला दारातच कडकडून मिठी मारली, मी प्रूफची बातमी घेऊन आलोय असं समजून. "थांबा," मी म्हटलं, "मला अजून काही कळलेलं नाही. फक्त सोनाराकडं पाठवू नका, एवढं सांगायला आलोय. आणि जमलं तर पुन्हा एकदा बघायचंय."

ताराक्का देव्हाऱ्यापुढं जोत्यावर बसली होती. तिनं माझं बोलणं ऐकलं आणि ताडकन म्हणाली, "आता कशाला? झालं की तुमचं बगून. साधं हाय म्हनालासा न्हवं?"

"आक्का, माझी चूक असू शकते."

"न्हाई तुमची चूक. साधं हाय ते."

मला राग आला. माझा स्वभाव असा आहे, दोन दिवस डोकं पिकलेलं, वर एसटीत उभं राहून आलेलो. म्हटलं, "आक्का, लोक माझ्यापुढं रडतात की आमचं चांगलं आहे असं सांगा. तुम्ही एकट्या अशा, की बाप खोटा ठरावा म्हणून बसलाय. का? काय केलं त्या माणसानं तुमचं?"

सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. ताराक्कानं देव्हाऱ्याकडं बघितलं.

"त्येनं काय केलं न्हाई," ती म्हणाली. "म्याच केलं."

मग तिनं सांगितलं. तिला बघायला सासरची माणसं आली होती. पंधरासोळा वर्षांची पोर, आत दाराआड उभी. बाहेर बैठकीत तात्यांनी लंडन काढलं, नाणं काढलं, आणि त्यात मिशी बघून पीळ कसा द्यायचो ते करून दाखवायला लागले. तोवर ट्रंकेत राहून आणि हाताळून नाणं मळलेलं, त्यात काही दिसेना. पाहुणे एकमेकांकडं बघून हसायला लागले. एक जण म्हणाला, बेळगावलाबी मिशी दिसतीया की पातेल्यात. सगळी बैठक फिदीफिदी.

"माझं तोंड लालभडक झालं," ताराक्का म्हणाली. "आतनं वरडले, तात्या, बास करा की तुमचं लंडन! किती खोटं बोलायचं मानसानं? सगळ्यास्नी आयकू गेलं. तात्यानं माज्याकडं बगितलं. नानं टोपीखाली घातलं. लगीन झालं माजं, चांगलं झालं. पन त्या दिसापास्नं मरंपतुर तात्यानं कवा लंडनचं नाव काडलं न्हाई. ह्यो हनमा ल्हान हुता, मांडीवर बसून म्हनायचा, आज्जा, गोष्ट सांग. तर म्हनायचे, मला न्हाई येत गोष्ट, तुज्या आयला इचार."

सुभेदार खाली बघत होते. हे त्यांना माहीत नसावं.

"ते खोटं बोलत असतील, तर म्या वरडले ते बरूबर झालं," ताराक्का म्हणाली. "आन खरं असंल तर? खरं असंल, तर म्या काय केलं, सांगा बगू तुमीच." आणि ती रडायला लागली. ऐंशीच्या पुढची बाई, पोरीसारखी हुंदके देऊन.

नाण्याबद्दल डोक्यात गोंधळ होताच, आता माणसांबद्दलही झाला. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. एसटी कधी आहे ते सुभेदारांना विचारलं.

आतून ताराक्काची हाक आली. "या हिकडं. कुटं बगायचं असतंय ते दावा मला."

मी बसलो. नाणं घेतलं आणि राजाच्या नावातला ओ दाखवला. "याच्या पोटात. बुरूस तिथं जात नाही. तिथं जे असेल, ते टाकसाळीतलं. पण तुमचं कुंकू बसलंय."

मी पिशवीतली बाटली काढली. माझ्याकडं एक औषध असतं, घासत नाही, नुसतं विरघळवतं. ताराक्कानं नाक मुरडलं. "देवाला असलं नगं." तिनं सुनेकडून खोबरेल तेल मागवलं, जरा कोमट करून. तुळशीची वाळकी काडी मोडली. मी म्हटलं, "आक्का, विचार करा. एवढ्या वर्षांचं कुंकू आहे, ते गेलं की गेलं." ती म्हणाली, "म्याच लावलंय, म्याच काडते."

तेलाचा एक थेंब टाकून ती बसली. मग काडीच्या टोकानं, डोळे बारीक करून, हळूहळू तिनं ते पोट रिकामं केलं. तांबूसकाळी ढेकळं बोटावर आली. ती तिनं पुसली नाहीत, कपाळाला लावली.

मी कापसानं तेल टिपलं, दाराशी जाऊन भिंग लावलं, नाणं तिरपं धरलं.

काळं. काळंकुट्ट, गुळगुळीत. एवढ्याशा ठिपक्यात विहिरीचं पाणी.

तेवढ्यात ताराक्का मागून येऊन उभी राहिली. "मला द्या." तिनं भिंग डोळ्याला लावलं. मोतीबिंदू काढलेला डोळा, चांगला दिसतो तिला. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा सैल झाला.

"काळं हाय की वो," ती म्हणाली. "चकाकत न्हाई काय न्हाई. काळं पडलंय नुसतं. मंजी साधंच न्हवं?"

सुभेदार माझ्याकडं बघत होते. त्यांना माझी भाषा माहीत नव्हती. त्या घरात मी एकटा असा होतो, ज्याला त्या काळ्याचा अर्थ ठाऊक होता. हो म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं झोपली असती, आणि मी दुपारची एसटी धरून सांगलीला गेलो असतो. मला खरंच कळत नव्हतं काय करावं. लंडनचं मी काहीच सांगू शकत नव्हतो. प्रूफ नाणं बेळगावातही कुणी देऊ शकतं. नव्या साच्याचं ते भूतही माझ्या मानेवर बसलेलंच होतं. कशाचीच खात्री नव्हती. फक्त एका गोष्टीची होती, आणि ती तोंडापर्यंत आलेली गिळता येईना.

"आक्का," मी म्हटलं, "काळा दिसतो तोच आरसा. भिंगातून बघितला की खरा आरसा काळाच दिसतो. बाजारातलं की पेटीतलं यावर मी अजूनही भांडेन स्वतःशी. पेटीतलंच वाटतं. लंडनचं देवाला ठाऊक. पण हे नाणं नवं होतं तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. हे मी कुठंही येऊन सांगेन."

ती जवळ सरकली.

"मिशी दिसली असंल?"

"दिसली असेल."

"पीळ द्यान्याइतकी?"

"अगदी पीळ देण्याइतकी."

तिनं नाणं माझ्या हातातून घेतलं. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. देव्हाऱ्यापर्यंत गेली, खंडोबाशेजारी नाणं जागेवर ठेवलं. कुंकवाचा करंडा उघडला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, झाकण परत लावलं. पदर डोक्यावर नीट घेतला आणि जमिनीवर मांडी घालून बसली, लहान पोरं बसतात तशी.

"सांगा तात्या," ती म्हणाली. "लंडनचं सांगा. मी बसलीया हितं."